पितळी गरुडाची पाठ

जर्मन चान्सलर बिस्मार्कचं लष्करी पोशाखातलं एखादं चित्र डोळ्यासमोर आणा. भरघोस मिशा, करडी नजर आणि डोक्यावर टोक असलेलं ते हेल्मेट. या हेल्मेटला जर्मनीत ‘पिकेलहाउबं’ म्हणतात. बघणाऱ्याची नजर आधी टोकाकडे जाते, पण जुन्या लष्करी वस्तू जमवणारा माणूस टोकाच्या खाली, कपाळावरच्या पितळी बिल्ल्याकडे बघतो. टोक साधारण सगळीकडे सारखंच असतं. हेल्मेट घालणारा कोण, कुठला, कुठल्या पलटणीचा, हे बिल्ला सांगतो.

मुरलेला संग्राहक तर तो बिल्ला हातात आला की लगेच उलटा करतो. असं का, हे समजण्याआधी पुढची बाजू नीट वाचता आली पाहिजे.

१८४२ साली प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा याने हे हेल्मेट आपल्या सैन्यात आणलं. उकळून घट्ट केलेलं, वर काळं लाखेसारखं रोगण दिलेलं चामडं, पुढे-मागे झडपा आणि माथ्यावर टोक. तोफखान्याला मात्र काही वर्षांतच टोकाऐवजी गोळा मिळाला. पहिली हेल्मेटं भलतीच उंच होती, नंतर ती बुटकी आणि हलकी होत गेली. १८५७, १८६०, १८६७, १८७१, १८९५ अशा सालांनी हे बदल ओळखले जातात. प्रत्येक नमुन्याचे बारकावे पाठ करायची गरज नाही. उंच म्हणजे जुनं, बुटकं म्हणजे नवं, एवढं लक्षात ठेवलं की सुरुवातीला भागतं.

१८७१ मध्ये जर्मन साम्राज्य झालं. आपल्याला ते एकसंध राष्ट्र वाटतं, पण ते संस्थानांचं गाठोडं होतं. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेम्बर्ग ही चार राज्यं, शिवाय बाडेन, हेसेसारख्या ग्रँड डची आणि बोटभर आकाराची कितीतरी छोटी संस्थानं. लष्कर युद्धात कैसरच्या, म्हणजे सम्राटाच्या, हाताखाली असलं, तरी बव्हेरियाच्या राजाची फौज शांततेच्या काळात बव्हेरियाच्याच राजाची होती. पोशाखाचा साचा बहुतेक प्रशियाचा, पण कपाळावरचं चिन्ह ज्याचं त्याचं. मोठ्या भावाचा सदरा घालावा, पण त्यावर नाव आपलंच शिवून घ्यावं, तसा हा मामला. बिल्ल्यांमध्ये एवढी विविधता का, याचं उत्तर या राजकारणात आहे. नुसत्या सौंदर्यापोटी हा छंद धरणाऱ्यांचा उत्साह लवकर ओसरतो. टिकतात ते राजकारणात रस असलेले, असं माझं मत.

प्रशियाचा बिल्ला म्हणजे मुकुटधारी गरुड. छातीवर ‘एफ आर’ ही अक्षरं, म्हणजे फ्रीडेरिकुस रेक्स, राजा फ्रीडरिश. पंखांवरून गेलेल्या पट्टीवर ‘मिट गॉट फ्यूर क्योनिग उंट फाटरलांट’, म्हणजे देवाच्या साथीने राजासाठी आणि पितृभूमीसाठी. बव्हेरियाचा बिल्ला वेगळाच, ढाल धरून उभे असलेले दोन सिंह आणि खाली ‘इन ट्रॉय फेस्ट’, निष्ठेत अढळ. बव्हेरियाने हे हेल्मेट घेतलं तेही उशिरा, १८८६ साली. तोवर तिथले सैनिक माथ्यावर लोकरी तुऱ्याचं जुनं हेल्मेट घालत होते. राजा लुडविग दुसरा याला प्रशियाचं ते टोक अजिबात पसंत नव्हतं. त्याच वर्षी तो गेला आणि बव्हेरियाच्या डोक्यावर टोक आलं. तरीही बव्हेरियन तोफखान्याने गोळा स्वीकारला नाही, तो टोकावरच राहिला. संस्थानी हट्ट म्हणतात तो हा.

सॅक्सनीचा बिल्ला म्हणजे पितळी तारा आणि त्याच्या मध्यावर रुपेरी राजचिन्ह. व्युर्टेम्बर्गच्या ढालीला एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला सांबर. बाडेनचा ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं तोंड आणि सिंहाचं धड असलेला काल्पनिक प्राणी. हेसेचा सिंह पानांच्या वेलीत उभा. काही छोट्या संस्थानांना स्वतंत्र बिल्ला परवडणारा नव्हता. त्यांनी प्रशियाचाच गरुड घेऊन त्याच्या छातीवर आपली छोटी ढाल किंवा तारा बसवला. हे मिश्र बिल्ले आज सगळ्यांत दुर्मीळ आणि सगळ्यांत महाग. साहजिकच नकलीचा धंदाही त्यांच्याभोवतीच जास्त.

हॅनोवरच्या काही रेजिमेंटांच्या गरुडावर ‘वॉटर्लू’ आणि ‘पेनिन्सुला’ (म्हणजे स्पेन-पोर्तुगालचं द्वीपकल्प) हे शब्द असत. १९१४ साली फ्लँडर्सच्या चिखलात इंग्रजांवर गोळ्या झाडणाऱ्या जर्मन सैनिकाच्या कपाळावर वॉटर्लू कसं आलं? तर हॅनोवरचा राजा आणि इंग्लंडचा राजा १८३७ पर्यंत एकच माणूस होता. नेपोलियनने हॅनोवर गिळलं तेव्हा तिथले सैनिक इंग्लंडला पळाले आणि ‘किंग्ज जर्मन लीजन’ म्हणून वेलिंग्टनच्या हाताखाली स्पेनमध्ये आणि पुढे वॉटर्लूला लढले. १८६६ मध्ये प्रशियाने हॅनोवर जिंकून घेतलं, आणि १८९९ मध्ये कैसर विल्हेल्म दुसरा याने तिथल्या रेजिमेंटांना जुन्या हॅनोवेरियन फौजेचा वारसा बहाल केला. त्या वारशात इंग्रजांच्या बाजूने मिळवलेल्या विजयांची नावंही आली. जाता जाता, या हॅनोवरचा आपल्याशीही थोडा धागा आहे. त्यांच्या दोन पलटणी १७८०च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीच्या दिमतीला मद्रासेकडे आल्या होत्या आणि १७८३ मध्ये कडलूरला फ्रेंचांशी लढल्या होत्या.

ब्राउनश्वाइग या छोट्या संस्थानाच्या बिल्ल्यावरची कवटीही अशीच. कवटी आणि हाडं बघितली की लोकांना थेट हिटलर आठवतो, पण ही कवटी त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीची. १८०६ मध्ये ब्राउनश्वाइगचा ड्यूक नेपोलियनविरुद्धच्या लढाईत जखमी होऊन मेला, मुलाची सत्ता गेली. १८०९ मध्ये मुलाने काळ्या गणवेशाची फौज उभी केली आणि टोप्यांवर कवटी लावली. तोही १८१५ मध्ये वॉटर्लूच्या दोन दिवस आधी कात्र ब्राच्या लढाईत पडला. पण त्याच्या फौजेची कवटी साम्राज्याच्या शेवटापर्यंत ब्राउनश्वाइगच्या रेजिमेंटांवर राहिली, ‘पेनिन्सुला’च्या पट्टीसकट, कारण तीही इंग्रजांच्या बाजूने स्पेनमध्ये लढली होती.

आता दर्जा. प्रशियाच्या गार्ड रेजिमेंटांच्या गरुडाच्या छातीवर ‘एफ आर’ ऐवजी एक तारा असतो, ब्लॅक ईगल या मानचिन्हाचा. त्यावर लॅटिनमध्ये ‘सुउम कुइक्वे’ म्हणजे ‘ज्याचं त्याला’. अधिकाऱ्याच्या ताऱ्यात मधोमध मीनाकाम असतं, शिपायाच्या ताऱ्यात नुसता धातू. गरुडावर छोटा क्रॉस दिसला तर तो राखीव दलाचा, लांडवेअरचा. हे दल १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्ध उभं राहिलं, म्हणून काही क्रॉसवर ते सालच कोरलेलं सापडतं. अधिकाऱ्याचा बिल्ला एरवीही ओळखू येतो. त्याचा मुकुट आरपार कोरलेला, पिसांच्या कडा धारदार, वर सोन्याचा मुलामा. शिपायाचा मुकुट भरीव. अधिकारी हेल्मेट स्वतःच्या पैशाने घ्यायचा आणि शिपायाला ते सरकार द्यायचं, एवढाच काय तो फरक. पैसेवाला पोरगा शिपाई म्हणून भरती झाला तर तोही स्वतःचं भारी हेल्मेट विकत घेत असे. त्यामुळे ‘सुबक म्हणजे अधिकाऱ्याचं’ हा नियम कधीकधी फसतो.

कानाजवळ, हनुवटीचा पट्टा जिथे अडकतो तिथे, रंगीत चकती असते, कोकार्ड. काळी-पांढरी-काळी प्रशियाची, पांढरी-निळी-पांढरी बव्हेरियाची, पांढरी-हिरवी-पांढरी सॅक्सनीची. चकती छोटी आणि स्वस्त, पण साल ठरवायला तिच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही. मार्च १८९७ पर्यंत हेल्मेटला एकच चकती होती, ती संस्थानाची आणि उजव्या बाजूला. त्या महिन्यात पहिल्या विल्हेल्म कैसरच्या जन्माची शताब्दी साजरी झाली आणि उजव्या बाजूला साम्राज्याची काळी-पांढरी-लाल चकती आली. संस्थानाची चकती डावीकडे सरकली. तेव्हा ‘१८८०चं अस्सल हेल्मेट’ म्हणून दाखवलेल्या वस्तूला दोन चकत्या असतील, तर एक तर चकती नंतर बसवली आहे किंवा साल थापेचं आहे.

आता बिल्ला उलटा करा

पुढची बाजू माणसाची ओळख सांगते. मागची बाजू वस्तूची जन्मकथा सांगते, आणि पैसे देताना तीच कामाला येते.

अस्सल बिल्ला पितळेच्या पत्र्यातून ठशाखाली दाबून काढलेला असतो. वरून जड घण, खाली ठसा, मध्ये पत्रा. त्यामुळे पुढे जे उंच तेच मागे खोल. गरुडाचं प्रत्येक पीस मागच्या बाजूला पोकळ खाचेसारखं दिसतं, कडा स्वच्छ, पत्रा सगळीकडे सारख्या जाडीचा. ओतीव नकलीत हे जमत नाही. मागची बाजू सपाट किंवा खडबडीत, बारीक बुडबुड्यांचे खड्डे, पिसांच्या रेघा साबणावरच्या नक्षीसारख्या बोथट. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराच्या हातात दोन्ही दिले तर तो बोट फिरवूनच सांगेल.

मग बिल्ला हेल्मेटला धरून कसा ठेवला होता ते बघायचं. शिपायांच्या बिल्ल्याला मागून दोन छोट्या पितळी कड्या डाखलेल्या असतात. कड्या चामड्यातल्या भोकांतून आत जातात आणि आतून चामड्याच्या पाचरी घालून पक्क्या केल्या जातात. अधिकाऱ्यांच्या बिल्ल्याला बहुधा स्क्रू आणि चौकोनी नट. जुना डाख करडा, मंद आणि कडेला मळ साचलेला. नवा डाख चकचकीत आणि फुगीर. कडीभोवती पितळ अचानक लालसर किंवा निळसर झालेलं दिसलं तर तिथे कुणीतरी अलीकडे उष्णता दिली आहे.

आणि भोकं. संग्राहकांमध्ये सगळ्यांत जास्त वाद होतो तो भोकांवरून, आणि तो रास्तच आहे. सरकारी हेल्मेटला पुढे दोनच भोकं पडत. त्यात जर आणखी दोन, किंवा भोकं बुजवून वर काळं रोगण दिलेलं दिसलं, तर बिल्ला बदललेला आहे. कड्यांमधलं अंतर आणि भोकांमधलं अंतर मोजपट्टीने मोजा. जमत नसेल तर पुढचं काही बघायची गरजच नाही. शंभर वर्षं एकाच जागी बसलेल्या बिल्ल्याने चामड्यावर आपली सावली उमटवलेली असते. बिल्ल्याखालचं रोगण काळं आणि ताजं राहतं, भोवतालचं फिकटतं, चिरा पडतात. बिल्ला काढल्यावर त्या सावलीच्या पंखांचा आकार गरुडाचाच हवा. सिंहाच्या बिल्ल्याखाली गरुडाची सावली सापडल्याचे किस्से या छंदात नवे नाहीत.

बाक हाही एक पुरावा. हेल्मेटचं कपाळ गोल असतं म्हणून बिल्लाही वळवलेला असतो. तो चामड्याला चिकटून बसायला हवा. उहलान, म्हणजे भालेकरी घोडदळाची टोपी वेगळ्या आकाराची आणि शिकारी पलटणींची शाको, म्हणजे टोक नसलेली उंच टोपीही वेगळी, त्यामुळे तिथले बिल्ले वेगळ्या वळणाचे. तिथला बिल्ला काढून पिकेलहाउबंवर चढवला की कडेला फट राहते. विकणारा ती फट ‘काळाचा परिणाम’ म्हणून समजावतो. काळ चामडं आक्रसवतो हे खरं, पण दोन्ही कडांना एकसारखी फट तो सहसा पाडत नाही.

हेल्मेटच्या आत मानेकडच्या झडपेखाली शिक्के असतात. ‘बीए’ म्हणजे वस्त्रभांडार, पुढे रोमन अंकात लष्करी कोअरचा (अनेक पलटणींच्या मोठ्या गटाचा) क्रमांक, मग साल. ‘बीए तेरा’ म्हणजे व्युर्टेम्बर्ग, कारण तेरावी कोअर त्यांची. चौदावी बाडेनची, बारावी आणि एकोणिसावी सॅक्सनीची. बव्हेरियाच्या कोअरची गणती वेगळीच. समजा हेल्मेटच्या आत तेरावा शिक्का आहे आणि कपाळावर प्रशियाचा गरुड. दोन्ही वस्तू शंभर टक्के अस्सल असतील, पण त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. व्युर्टेम्बर्गचा बिल्ला काढून कुणीतरी वेगळा विकला आणि उरलेल्या हेल्मेटवर स्वस्तातला गरुड बसवला. खोटं काहीच नसतानाही वस्तू खोटी होते ती अशी. माझ्या मते निव्वळ नकलीपेक्षा हा प्रकार जास्त घातक, कारण प्रत्येक भाग तपासला तर पास होतो.

एवढी हेल्मेटं आली कुठून

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा टोक असलेलं हेल्मेट घालूनच जर्मन सैनिक निघाले. वर कापडी खोळ, तिच्यावर पलटणीचा आकडा. चकाकणारा गरुड शत्रूला दुरून दिसू नये म्हणून खोळ १८९०च्या दशकातच आली होती. लवकरच चामड्याचा तुटवडा पडला. ब्रिटिश नाकेबंदीमुळे दक्षिण अमेरिकेतून येणारं चामडं थांबलं, म्हणून नमदा, बूच, पत्रा यांची हेल्मेटं निघाली. पितळ काडतुसांना हवं होतं, म्हणून १९१५ पासून बिल्ले राखाडी लोखंडाचे झाले. १९१६ मध्ये व्हेर्दनच्या लढाईत पोलादी हेल्मेट आलं आणि पिकेलहाउबं खंदकातून गेली.

पण ती विजयी सैनिकांच्या थैल्यांत गेली. इंग्रज, कॅनेडियन, अमेरिकन पोरांनी ती घरी पाठवली. कोब्लेंट्सच्या गोदामात सापडलेला मोठा साठा अमेरिकेने युद्धकर्ज उभारताना बक्षीस म्हणून वापरला. १९१९ मध्ये न्यूयॉर्कला ग्रँड सेंट्रल स्टेशनजवळ जर्मन हेल्मेटांचा अख्खा पिरॅमिड रचला होता. आज अमेरिकेतल्या माळ्यांवरून ती बाहेर पडतात, नातवंडं विकतात. त्यामुळे साधं प्रशियन शिपायाचं हेल्मेट तितकंसं दुर्मीळ नाही, आणि ज्याला ‘लाखात एक’ म्हणून विकलं जातं ते बहुधा तेच असतं.

नकलांचा उगमही सांगायला हवा. जगभर विकल्या जाणाऱ्या सजावटीच्या पिकेलहाउबंचा एक मोठा हिस्सा आपल्याच देशात तयार होतो. बनवणारे ती दिवाणखान्यात ठेवायची वस्तू म्हणूनच विकतात, त्यात लपवाछपवी नाही. गडबड पुढे होते. मधला कुणीतरी ती वस्तू घेतो, आम्लात बुडवून पितळ काळवंडवतो, चामडं घासतो, आत खोटा शिक्का मारतो आणि ‘आजोबांच्या ट्रंकेत सापडलं’ म्हणून लावतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात असा गरुड दिसला तर शोपीस म्हणून घ्यायला हरकत नाही, पण शोपीसच्याच भावात.

अस्सल बिल्ला घरी आला की आपला पहिला हात पितांबरीकडे जातो. देवघरातली समई चकचकीत करायची सवय रक्तातच आहे. इथे ती आवरायची. अधिकाऱ्याच्या बिल्ल्यावरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, दोनदा घासला की खालचं पितळ उघडं पडतं आणि किंमत तिथेच घसरते. शिपायाच्या बिल्ल्यावरचा तपकिरी थर आणि खाचांतला मळ हाच त्याच्या वयाचा दाखला. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, बास. हिरवी कळक धरलेली जागा असेल तर तेवढीच लाकडी काडीने हळू खरवडा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते, म्हणून जून ते सप्टेंबर हेल्मेट बंद पेटीत सिलिका जेलसोबत ठेवा आणि अधूनमधून उघडून बघा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, आत घाम धरतो. चामड्याला तेल लावायचा मोहही नको. रोगण मऊ पडून सोलून निघतं.

सुरुवात करणाऱ्याने काय घ्यावं? बरेच जण थेट अख्खं हेल्मेट घेतात आणि पोळतात. मी चकत्या सुचवेन, मग एखादा साधा प्रशियन शिपायाचा गरुड, आणि तोही सुटा. सुटा गरुड पाठीकडून नीट बघता येतो, कड्या मोजता येतात, वजन हाताला कळतं. संस्थानी आणि गार्डचे बिल्ले, कवटी, वॉटर्लू हे सगळं नंतर. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे पाठीचा फोटो मागा, आतल्या शिक्क्यांचा फोटो मागा, आणि भोकांशेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो मागा. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका, भाव कितीही गोड असो. युरोपला जाणं झालं तर बव्हेरियातल्या इंगोलश्टाटचं लष्करी संग्रहालय आणि बाडेनमधल्या राश्टाटचं संग्रहालय बघा. शंका नसलेला अस्सल माल एकदा डोळे भरून पाहिला की नकलीकडे बघणारी नजर आपोआप तिखट होते.

कायद्याचं थोडं. जर्मनीत नाझी चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनावर दंड संहितेच्या ८६अ कलमाखाली बंदी आहे, पण कैसरकालीन गरुड त्यात येत नाही, त्यामुळे या बिल्ल्यांची खरेदी-विक्री उघड चालते. आपल्याकडे १९७२चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर पाठवू देत नाही. कैसरकाळातल्या वस्तूंनी शंभरी कधीच ओलांडली आहे. म्हणून इथून कुणाला विकायचं किंवा भेट पाठवायचं मनात असेल तर पार्सल बांधण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात चौकशी करा. परदेशातून मागवताना विक्रेत्याकडून वस्तूचं वय आणि किंमत लिहिलेलं बिल घ्या, कस्टमला ते दाखवावं लागतं.